बाईंच्या फोटोला हार

निमंत्रणपत्रिकेच्या प्रुफात बाईंच्या नावाआधी 'कै.' मी घातलं. माझ्याच लाल पेनानं. वर छापखानेवाल्याला सुनावलंही, "गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लावायची रीत विसरलात वाटतं." तो बिचारा म्हणाला, "सर, मुंबईहून मजकूर आला तसाच जुळवलाय." मी म्हटलं, मुंबईवाल्यांना काय पडलंय. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि शाळेची झाडून सगळी छपाई माझ्या नजरेखालून गेली. लाल पेन हातात आलं की चूक सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. "तुम्ही ते देवनीबी चूक काढशात," असं बायको म्हणायची. ती सोनगीरची, लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात अहिराणीच बोलायची. त्या दिवशी चूक सापडली आणि मी खुशीत घरी आलो.

बाई म्हणजे लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढणाऱ्या बाई. त्यांची सात-आठ पुस्तकं मी वर्गात इतकी वापरली की शिवण उसवून पानं हातात यायला लागली होती. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं दाखवली की मुलं जांभया द्यायची. बाईंचं पुस्तक उघडलं की पुढं सरकायची. कारण बाई सगळं मुलांच्या उंचीवरून काढायच्या. आठवडे बाजारात हरवलेल्या वगारीची, म्हणजे म्हशीच्या पिल्लाची, त्यांची एक गोष्ट आहे. त्या अख्ख्या पुस्तकात मोठ्या माणसाचं तोंड म्हणून दिसत नाही. धोतराचे सोगे दिसतात, लुगड्यांचे काठ, भरलेल्या पिशव्यांचे तळ, चपलांच्या टाचा. तोंड दिसतं ते शेवटच्या पानावर, वगारीला शोधत आलेली मालकीण तिच्यासमोर खाली बसते तेव्हा. ते पान आलं की वर्ग गप्प व्हायचा. मीही व्हायचो.

वीसेक वर्षांत त्यांचं नवं पुस्तक आलं नव्हतं. पुस्तक येत नाही म्हणजे बाई गेल्या, असं मी धरून चाललो होतो. कधी गेल्या, कुठं गेल्या, मला कुणी सांगितलं, काही विचारू नका. मला ते माहीत होतं, बस.

मुंबईच्या एका संग्रहालयानं त्यांच्या मूळ चित्रांचं फिरतं प्रदर्शन काढलं होतं. लाकडी खोक्यांत भरून ट्रकनं जिल्ह्या-जिल्ह्यांत न्यायचं. जळगावात पंधरा दिवस, मग धुळ्यात पंधरा दिवस. जळगावच्या स्वागत समितीत आम्ही पाच जण होतो. चौघांना कामधंदा होता आणि मी निवृत्त, त्यामुळे सगळं माझ्याच अंगावर आलं. संग्रहालयातल्या मॅडमनी फोनवर विचारलं, "सर, पार्सलं येतील. घरी कुणी असतं ना?"

"असतो की. आम्ही दोघं," मी म्हणालो.

दोघं नव्हतो. बायकोला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. पण आपण खोटं बोललो असं मला वाटलंच नाही. गॅसवाला असो, मतदार यादी घेऊन आलेल्या मॅडम असोत, कुणीही विचारलं की माझ्या तोंडून 'दोघं' हेच निघायचं.

तिचा फोटो मुलानं फ्रेम करून आणला होता, मागं आकडाही लावून घेतला होता. पण भिंतीवर लावायचा म्हणजे हार आला. हाराशिवाय लावला तर येणारा-जाणारा विचारणार. म्हणून मी तो लावलाच नाही. बैठकीच्या खोलीतल्या बुटक्या कपाटावर तिच्या माहेरची पितळी कळशी आहे, तिला टेकवून ठेवला. वर्षश्राद्धाला मुलगा पुण्याहून चंदनाचा हार घेऊन आला. तो मी पाकिटासकट कपाटाच्या खणात टाकला. मुलगा म्हणाला, "बाबा, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर तिच्या नावाआधी 'कै. सौ.' छापायची वेळ आली तेव्हा मी प्रूफ न बघताच उठून बाहेर गेलो. हार घातला नाही तोवर ती घरात आहे, असा माझा हिशेब होता. कुणाला सांगितला नव्हता, पण त्याच्यावरच माझे दिवस चालले होते.

संग्रहालयानं सूचनांची सात पानी पुस्तिका पाठवली होती. चित्रं जमिनीपासून अडीच फुटांवर लावावीत, मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशी. मोठ्यांनी वाकून बघावं. हे वाचून मला बाईंचा फार अभिमान वाटला. समितीचे अध्यक्ष काकुळतीला आले, "अहो सर, पाहुण्यांना गुडघ्याचा त्रास आहे." मी हटलो नाही. मोजपट्टी घेऊन एकेक फ्रेम अडीच फुटांवर लावून घेतली. पाच पानं अशी जीव ओतून वाचली. सहावं पान 'लेखिकेविषयी' होतं. बाईंविषयी मला कोण शिकवणार, म्हणून ते सोडून दिलं.

पुस्तिकेत प्रतिमापूजन मात्र कुठं नव्हतं. आता प्रतिमापूजनाशिवाय आपल्याकडे उद्घाटन होतं का? मग मी बाईंच्या एका पुस्तकामागचा फोटो मोठा करून घेतला. चाळिशीतल्या बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, पुढच्या दोन दातांत फट, मनापासून हसणाऱ्या. बायकोचा फोटो जिथं फ्रेम केला होता त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "हार अडकवायला दोन्ही कोपऱ्यांना आकडे लावू ना सर?" "लावा," म्हटलं. दुसऱ्याच्या माणसाला हार घालणं सोपं असतं.

उद्घाटन झोकात झालं. समई पेटली, नारळ फुटला, पाहुण्यांनी बाईंच्या फोटोला शेवंतीचा भला मोठा हार घातला. "आज बाई आपल्यात नाहीत," असं निवेदिका म्हणाली आणि लोकांनी तेवढ्यापुरते चेहरे उतरवले. पाहुणे दोन चित्रांपुढं वाकले, तिसऱ्यापुढं कमरेवर हात ठेवून "वा" म्हणाले आणि गेले. एक वाजता सभागृह रिकामं झालं. शाळांची मुलं दुसऱ्या दिवसापासून येणार होती. झाडणारी अक्का जेवायला गेली. मी दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. मार्गशीर्षातली थंडी होती आणि फरशीतून गारवा वर येत होता. भिंतींना खाली कडेनं चित्रं आणि वर नुसता पांढरा रंग. मोठ्या खोलीत एकट्यानं बसायची मला सवय झाली होती, तरी त्या दिवशी घड्याळ सारखं बघत होतो.

दोनच्या सुमारास एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची असावी. फिकं निळं सुती पातळ, वर पुरुषी स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. तिनं दाराबाहेर चपला काढल्या.

"अक्का, चपला राहू द्या. फरशी गार आहे," मी म्हणालो.

"असू दे भाऊ."

ती आधी सरळ फोटोपुढं गेली. बराच वेळ उभी राहिली. हार एका बाजूला घसरला होता, तो तिनं दोन्ही हातांनी सरळ केला. गावाकडून आलेली कुणी असेल, हार घातलेला फोटो दिसला की आपली माणसं थांबतातच, असं मी मनात म्हटलं. मग ती पहिल्या चित्राकडे वळली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. सकाळी दीड-दोनशे माणसं तिथं वाकली होती, बसलं कुणीच नव्हतं. ही बाजारात पाटीसमोर बसतात तशी बसली, आणि चित्र बघून झालं की न उठता तशीच पुढच्या चित्रासमोर सरकली. मी खुर्चीतून बघत होतो. बाजाराच्या चित्राशी आल्यावर तिनं काचेवर पदराचं टोक घासायला सुरुवात केली.

"अक्का, हात लावायचा नाही," मी शाळेतल्या आवाजात ओरडलो.

"पुसते आहे. कुणाच्या तरी तोंडाची वाफ लागलीय." आणि मग स्वतःशीच म्हणाली, "हिरवा उडाला बघा. तेव्हाच म्हटलं होतं मी, हा हिरवा टिकायचा नाही."

मी उठून उभा राहिलो. तिनं मान वळवून वर पाहिलं आणि हसली. पुढच्या दोन दातांत फट होती.

भिंतीवरचा फोटो, त्याच्यावरचा हार, आणि खाली फरशीवर बसलेल्या बाई. "बाई?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"हाव," त्या म्हणाल्या. "पेपरात वाचलं मी गेल्याचं. म्हटलं, जवळच आहे तर बघून तरी येऊ."

हसावं की पाया पडावं मला कळेना. मी धावत जाऊन आधी हाराला हात घातला. वरच्या आकड्यांपर्यंत हात पोचेना म्हणून खुर्ची ओढायला लागलो. माफी मागत होतो, छापखान्याला शिव्या देत होतो, आणि लाल पेन माझं होतं ही गोष्ट तेवढी गिळत होतो.

"थांबा भाऊ," बाई म्हणाल्या. "काढू नका. राहू द्या."

"असं कसं बाई? अशुभ असतं."

"माझ्या वयाला कसलं आलंय अशुभ. बसा तुम्ही."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. त्या बोदवडहून आल्या होत्या, भुसावळवरून, सकाळच्या गाडीनं. मुंबईतलं घर सोडून वीस वर्षांपूर्वी माहेरी परत आल्या आणि तिथंच राहिल्या. एवढी वर्षं मी त्यांची पुस्तकं मुलांना दाखवत होतो आणि त्या माझ्याच जिल्ह्यात, गाडीनं दीड-दोन तासांवर होत्या. मला स्वतःचा फार राग आला.

त्यांनी पिशवीतून डबा काढला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि तिळाची चटणी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "मले पाहायचंच होतं हार घातल्यावर कसं दिसतं ते. लग्न केलं नाही. भाऊ गेला, भावजय गेली, त्यांची पोरं सुरतला. मी गेल्यावर फोटो लावणार कोण आणि हार घालणार कोण? आज आयता दिसला. चांगला दिसतो. शेवंती ताजी आहे."

त्यात रडगाणं नव्हतं. एखाद्या चित्राविषयी बोलावं तसं बोलत होत्या. भाकरी माझ्या तोंडात फिरत राहिली.

"तुमच्या घरी कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघं."

"मग त्यांना आणायचं होतं आज."

दोन वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. फोटोचं, कळशीचं, खणात पडलेल्या चंदनाच्या हाराचं. बाईंच्या नावाआधी 'कै.' मीच घातलं आणि बायकोच्या नावाआधी ते मला बघवलं नाही, हेही सांगितलं. वाटलं होतं, इतरांसारखं त्याही म्हणतील की मन घट्ट करा. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "म्हणजे दोन वर्षं ती बाई कळशीला टेकूनच आहे?"

"हो."

"पाठ अवघडली असेल तिची."

मी हसलो. हसता हसता घास घशात अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिला मी धरून ठेवलंय, एवढंच मी धरून चाललो होतो. तिचं तिकडं काय होत असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. ते विचारायला मुलांसाठी लिहिणारी बाईच लागली.

जाताना त्यांनी माझ्याजवळचा कागद घेऊन त्यावर पेन्सिलीनं फोन नंबर लिहिला. हात इतका थरथरत होता की आकडे ओळींतून खाली उतरत गेले. "रेघ अशी येते आता," त्या म्हणाल्या, "म्हणून पुस्तक नाही." मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मी खरोखर जाईन तेव्हा शेजारचे तुम्हाला कळवतील. एक हार घालाल का? तुमचा हात बसलाय आता."

हसत म्हणाल्या, पण उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मला 'हो' म्हणता आलं नाही. जे मी माझ्या घरी केलं नव्हतं त्याचा शब्द कुणाला कसा देणार होतो? "बघू या बाई," असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मान हलवली. "आणि मी येऊन गेले हे सांगू नका कुणाला. शाल घेऊन येतील, भाषणं करतील. मले नको."

सभागृह उघडं टाकून जाता येत नव्हतं, म्हणून मी फाटकापर्यंतच गेलो. त्यांनी स्वतःच रिक्षा थांबवली. परत येऊन पुस्तिकेचं सहावं पान उघडलं. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की लेखिका हयात आहेत, वयामुळे कार्यक्रमांना जात नाहीत, त्यांना त्रास देऊ नये. उभ्या जन्मात मला इतकी लाज वाटली नव्हती.

पुढचे पंधरा दिवस शाळांची मुलं यायची. फरशीवर लोळून चित्रं बघायची, वगारीच्या चित्रापुढं एकमेकांना ढकलायची. दोननंतर सगळं सामसूम. मी दाराकडे बघत बसायचो. बाई पुन्हा येणार नाहीत हे ठाऊक होतं, तरी पायरीवर चपला वाजल्या की उठायचो. नंबरचा कागद खिशात होता. फोन केला नाही. त्यांनी एक गोष्ट विचारली होती आणि माझ्याकडे तिचं उत्तर नव्हतं. चौथ्या दिवशी शेवंती तपकिरी झाली तेव्हा हार मी उतरवला. झाडणारी अक्का म्हणाली, "सर, नवा नाही आणला? फोटो कसा बोडका दिसतो." मी काहीतरी कारण सांगितलं. बाई हयात आहेत हे समितीतही बोललो नाही. बाईंनी बजावलं होतं ते आल्या-गेल्याचं. हयात आहेत हे सांगायला काहीच हरकत नव्हती. मी गप्प राहिलो तो लोक हसतील म्हणून.

घरी गेलो की कपाटाकडे बघवेना. फोटो कळशीवरून घसरायचा. आधीही घसरत असणार, मी येता-जाता सवयीनं सरळ करत असणार. आता प्रत्येक वेळी बाईंचं वाक्य आठवायचं. एकदा मी फोटोखाली फडक्याची घडी ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो कपाटावर पूर्ण आडवा झाला होता, तोंड छताकडे. मी त्याला पुन्हा टेकवलं आणि चहा न पिताच बाहेर पडलो.

मग प्रदर्शन धुळ्याला गेलं. चित्रं लावायचं तंत्र मला माहीत म्हणून तिथल्या मंडळींनी मला बोलावलं. आदल्या दिवशी जाऊन मी अडीच फुटांवर फ्रेमा लावून दिल्या. उद्घाटनाला सकाळी सभागृहात शिरलो तर टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. मी आधीच नमुन्याला पाठवलेल्या जळगावच्या पत्रिकेवरून त्यांनी हुबेहूब छापली होती. माझं 'कै.' जसंच्या तसं. व्यासपीठावर चित्रांबरोबर इकडे आलेला, मी करून घेतलेला तोच फोटो, शेजारी तबक, तबकात झेंडू आणि गुलाबाचा ताजा हार. पाहुणे उठले. त्यांनी हार दोन्ही हातांत घेतला.

जिवंत बाईंना दुसऱ्यांदा हार चढणार होता, आणि जी खरोखर गेली ती घरी कळशीवरून घसरत होती. मला ते सहन झालं नाही. मी पहिल्या रांगेत उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा. बाई हयात आहेत. पत्रिकेतलं कै. ही माझी चूक आहे. मीच घातलंय ते."

आवाज इतका मोठा निघाला की ध्वनिक्षेपकाशी खटपट करणारा माणूसही थांबला. पाहुणे हार धरून तसेच उभे. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. तबक धरून उभा असलेला शिपाई वयस्कर होता, नानाच म्हणत होते त्याला सगळे. त्यानं अगदी मनापासून विचारलं, "मंग आते हाऊ हार कोणले घालाना?"

आणलेला हार तबकात परत ठेवणंही बरं दिसेना. शेवटी पाहुण्यांनी तो माझ्या हातात दिला, "घ्या सर, तुमचं तुम्ही बघा." लोक पुन्हा हसले. मीही हसलो. हार जड होता आणि ओला होता. मी तो कापडी पिशवीत ठेवला आणि कार्यक्रम संपायच्या आत स्टँडवर गेलो.

जळगावच्या एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसलो. पारोळ्याच्या पुढं शेजारी बसलेल्या एका आबांनी फुलांकडे बघून विचारलं, "कुठं कार्यक्रम?"

"घरीच आहे."

"कुणाचा?"

"बायको गेली माझी," मी म्हणालो.

"अरे अरे. कधी?"

"दोन वर्षं झाली."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आपली थैली उचलून पायाशी घेतली आणि मला पिशवी ठेवायला सीटवर जागा करून दिली. हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो होतो, हे त्यांना कुठून कळणार?

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हातोडी सापडेना, म्हणून खलबत्त्यातल्या बत्त्यानं खिळा ठोकला. थोडा गिलावा पडला. फोटोच्या मागच्या आकड्यावर धूळ बसली होती, ती पुसली. फोटो लावला आणि हार घातला. सभागृहातल्या मोठ्या फोटोसाठी केलेला हार, तो तिच्या फ्रेमच्या खाली हातभर लोंबायला लागला. मग दुहेरी करून घातला. तिचा चेहरा झाकला जात नाही ना ते पाहिलं, आणि बाईंसारखा खाली जमिनीवर बसून वर बघितलं. ती ताठ, सरळ होती. कळशी मोकळी झाली होती.

मी खूप रडलो. दोन वर्षांत रडलो नव्हतो असं नाही, पण तेव्हा ती घरात आहे असं वाटायचं आणि आवरतं घ्यायचो. आज आवरायला कुणी नव्हतं. अंधार पडला तरी दिवा लावायचं सुचलं नाही. मग उठलो, दिवा लावला, खिशातला कागद काढला आणि खाली उतरत गेलेले आकडे बोदवडला फिरवले.

"कोण?" मागं टीव्हीचा आवाज होता.

"मी, जळगावचा. हारवाला."

"बोला भाऊ."

"बाई, तुम्ही विचारलं होतं ना. घालीन मी."

टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाल्या, "म्हणजे तिला सरळ बसवली तुम्ही."

"हो. आजच."

"बरं केलं. माझी मात्र घाई करू नका."

आम्ही दोघंही हसलो. ठेवतो म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "बाई, मी एकटाच आहे हो घरी."

"मी बी," त्या म्हणाल्या. "जेवलात का?"

"नाही," मी म्हणालो.